किती चुकलं तर चालेल?

ड्रॉइंगवर भोकाच्या मापाच्या जागी ‘२५ एच७’ असं लिहिलेलं असतं. नुकतीच दहावी झालेल्या मुलाला त्यातला पंचवीस तेवढा कळतो: पंचवीस मिलिमीटर व्यासाचं भोक. खरा हुकूम मात्र पुढच्या अक्षरात आणि आकड्यात दडलेला असतो. भोक २५.००० पेक्षा लहान नको आणि २५.०२१ पेक्षा मोठं नको. या दोहोंच्या मधे कुठेही चालेल. त्यात फिरणाऱ्या शाफ्टपुढे ‘२५ जी६’ असेल, तर शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ च्या दरम्यान हवा. आता सगळ्यात लहान भोकाची गाठ सगळ्यात जाड शाफ्टशी पडली तरी सात मायक्रॉनची फट उरते, आणि उलट टोकाची जोडी जमली तर एकेचाळीस मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्याच्या निम्म्या-पाव फटीत तेलाचा थर बसतो आणि शाफ्ट बोटाने ढकलला तरी फिरतो.

तोच शाफ्ट ‘पी६’ केला की तो २५.०२२ ते २५.०३५ होतो. म्हणजे भोकातून कधीच सुखासुखी जाणार नाही, प्रेसखाली दाबूनच बसवावा लागेल, आणि बसला की सहसा निघणार नाही. नुसत्या डोळ्याला दोन्ही शाफ्ट सारखेच दिसतात. एक फिरण्यासाठी केलेला, दुसरा रुतून बसण्यासाठी.

मेकॅनिकलच्या डिप्लोमाबद्दल दोन समज प्रचलित आहेत. एक, की ही डिग्रीची धाकटी आवृत्ती आहे. दुसरा, की आयटीआयची थोरली. अभ्यासक्रमाची पानं चाळली तर दोन्ही खरे वाटतात, कारण थोडं गणित इथलं, थोडी हातोडी तिथली. पण तीन वर्षांत या मुलाच्या हाती नेमकं काय लागतं असं विचारलं, तर माझं उत्तर वरच्या दोन मापांत आहे. अगदी तंतोतंत पंचवीस मिलिमीटरचं भोक जगात कुणी केलेलं नाही, करताही येणार नाही. प्रत्येक वस्तू थोडी चुकलेलीच असते. किती चुकलं तर चालेल, ती चूक कोणत्या बाजूला असावी, आणि ती मोजायची कशी, हे शिकणं म्हणजे हा डिप्लोमा. बाकीचे विषय या ना त्या वाटेने तिथेच येऊन मिळतात.

महाराष्ट्रात हा तीन वर्षांचा, सहा सत्रांचा अभ्यासक्रम दहावीनंतर घेता येतो. बारावी विज्ञानाची मुलं आणि आयटीआय झालेली मुलं थेट दुसऱ्या वर्षाला येतात. परीक्षा घेणारी संस्था बहुतेक ठिकाणी एकच, महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ. मुलांच्या तोंडी ‘एमएसबीटीई’. मंडळ अभ्यासक्रम बदलतं तेव्हा त्याला इंग्रजी अक्षराचं नाव देतं, त्यामुळे माणूस कोणत्या काळात शिकला हे त्याच्या अक्षरावरून ओळखता येतं. कुणी जी स्कीमचा, कुणी आय स्कीमचा, आता के स्कीमची मुलं वर्गात आहेत. कोल्हापूरच्या एखाद्या कारखान्यात दोन अनोळखी सुपरवायझर भेटले की पहिल्या पाच मिनिटांत कॉलेज आणि स्कीम निघतेच.

पहिल्या सहामाहीत धक्का बसतो तो बहुधा भाषेचा. मराठी शाळेतून आलेल्या मुलापुढे सगळी पुस्तकं एकदम इंग्रजीत येतात. अलीकडे मराठी-इंग्रजी मिसळून शिकवण्याची आणि उत्तरं लिहिण्याची सोय झाली आहे, ती चांगलीच आहे. वर्कशॉपमध्ये मात्र हा प्रश्न पूर्वीही फारसा नव्हता, कारण तिथली बोली केव्हाच ठरून गेलेली आहे: कानस, गुण्या, छिन्नी, ऐरण ही एकीकडे आणि लेथ, चक, जॉब, टूल, फिनिश ही दुसरीकडे, आणि एकाच वाक्यात दोन्ही. जुने मिस्त्री अजून ‘सूत’ म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला थोडा कमी. ‘अर्धा सूत घे अजून’ हे वाक्य ज्याला कळतं त्याला मिलिमीटरही लवकर कळतात.

पहिल्या वर्षी सुतारकाम, लोहारकाम, वेल्डिंग, शीट मेटल, प्लंबिंग अशी शॉप्सची फेरी असते. त्यातलं बरंचसं ओझरतं होतं. सुतारकामात एखादा लॅप जॉइंट, वेल्डिंगमध्ये दोन पट्ट्यांचा बट जॉइंट आणि ‘शील्डशिवाय आर्ककडे बघू नका’ ही ताकीद. न ऐकणाऱ्याला त्या रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. मुक्काम करावा असं शॉप म्हणजे फिटिंग.

फिटिंगचा पहिला जॉब बघायला फारच किरकोळ असतो. माइल्ड स्टीलचा एक फ्लॅट, पन्नास बाय पन्नासचा चौकोन करायचा, कडा एकमेकींना काटकोनात. हॅकसॉने कापल्यावर तो एक-दोन मिलिमीटर जास्तच ठेवलेला असतो. तो जादा भाग कानशीने काढायचा. कानस फक्त पुढे जाताना कापते. मागे आणताना दाब दिला तर दातांची धार जाते आणि काम काहीच होत नाही. हे सांगायला दहा सेकंद लागतात. हातात उतरायला काही आठवडे.

अडचण अशी की जॉब व्हाइसमध्ये मधोमध असतो आणि कानस त्याच्यावरून पुढे सरकते. सुरुवातीला कानशीचा बराचसा भाग मुठीच्या बाजूला असतो, शेवटी टोकाच्या बाजूला. दोन्ही हातांचा दाब सारखाच ठेवला तर कानस तराजूसारखी कलते: आधी एक कड जास्त घासली जाते, मग दुसरी. मधला भाग उंच राहतो. याला ‘पोट आलं’ म्हणतात. पोट येऊ नये म्हणून प्रत्येक फेऱ्यात डाव्या हाताचा दाब कमी कमी करत न्यायचा आणि उजव्याचा वाढवत न्यायचा. ही अदलाबदल कुणी विचार करून करू शकत नाही. ती खांद्याला आणि मनगटालाच शिकावी लागते.

मग तपासणी. मुलगा येतो, म्हणतो, ‘सर, झालं.’ इन्स्ट्रक्टर जॉब हातात न घेता म्हणतात, ‘खिडकीशी जा. गुण्या लाव. उजेड दिसतो का बघ.’ गुण्याचं पातं कडेवर टेकवून उजेडासमोर धरलं की पातं आणि पोलाद यांच्या मधून प्रकाशाची रेघ दिसते. मधे काळोख आणि दोन्ही टोकांना उजेड म्हणजे पोट आहे. एकाच बाजूला उजेड म्हणजे काटकोन चुकला. काही मायक्रॉनच्या फटीतूनही उजेड येतो, म्हणून ही खिडकीजवळची तपासणी व्हर्नियरपेक्षा निर्दय. मुलाला वाटतं आता जरासंच घासायचं राहिलं. त्या ‘जरासं’मध्ये दोन तास जातात, आणि बरोबर कड जमेपर्यंत पन्नासचं एकोणपन्नास होऊन बसतं.

मग दुसरा जॉब: एका तुकड्यात व्ही आकाराची खाच आणि दुसऱ्यात तिच्यात बसणारं टोक. मुलं त्याला मेल-फीमेल म्हणतात. इथे प्रथमच एक वस्तू दुसरीवर अवलंबून राहते. खाच थोडी रुंद झाली तर टोकही त्या मानाने करता येतं, जोडी जमते. पण ती त्या एका जोडीपुरतीच. शेजारच्या मुलाचं टोक आपल्या खाचेत बसत नाही. कारखान्यात हेच चालत नाही. तिथे पाचशे शाफ्टमधला कोणताही उचलला तरी पाचशे भोकांतल्या कोणत्याही भोकात बसला पाहिजे. एच७ आणि जी६ ही अक्षरं त्यासाठीच जन्माला आली.

सीएनसीच्या जमान्यात कानस कशाला, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं, आणि प्रश्न गैर नाही. कानस मारून पोट भरणारे लोक आता फार थोडे. पण हातांनी एक दशांश मिलिमीटर काढायला किती घाम लागतो हे ज्याने अनुभवलंय, तो पुढे ड्रॉइंगवर उगीच पाच मायक्रॉनचा टॉलरन्स लिहीत नाही. लिहिणाऱ्याला एक शून्य जास्त टाकायला काहीच पडत नाही. करणाऱ्याला ग्राइंडिंगचं एक वेगळं ऑपरेशन वाढतं.

गुण्या सरळ आहे हे कशावरून, असं एखादा चौकस मुलगा विचारतोच. गुण्या सरफेस प्लेटवर तपासला. सरफेस प्लेट सपाट आहे हे कशावरून? याचं उत्तर फार देखणं आहे. दोन प्लेटी एकमेकींवर घासून जमवल्या तर त्या सपाट असतीलच असं नाही. एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असली तरी त्या तंतोतंत जुळतात. म्हणून तीन घ्यायच्या. पहिली दुसरीशी जुळवायची, दुसरी तिसरीशी, आणि तिसरी पुन्हा पहिलीशी. निळा रंग पातळ लावून एकीवर दुसरी टेकवली की उंच ठिपक्यांवर रंग लागतो. तेवढेच ठिपके स्क्रेपरने खरवडायचे. तिन्ही एकमेकींशी जुळायच्या असतील तर फुगीर-खोलगट जोडीचा डाव चालत नाही, तिघींना सपाटच व्हावं लागतं. आधी कुठलीही सपाट वस्तू हाताशी नसताना सपाटी अशी निर्माण होते. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनियरने १८४० मध्ये ही पद्धत विद्वानांपुढे मांडली. तो ज्यांच्या लंडनच्या कारखान्यात घडला त्या हेन्री मॉडस्ले यांनी एक बाकावरचा मायक्रोमीटर बनवला होता, आणि त्याचं टोपणनाव ‘लॉर्ड चॅन्सेलर’ होतं, कारण मापाचा वाद त्याच्यापुढे गेला की निकाल अंतिम.

दुसऱ्या वर्षी लेथ भेटतो. बहुतेक सरकारी तंत्रनिकेतनांत जुने लेथ असतात: एचएमटीचे, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे, किंवा राजकोट-बटाल्याकडचे. वय झालेलं असतं, गिअर खडखडतात, पण पोलाद अजून सोलतात. पहिला धडा कापण्याचा नसतो. चक-की चकमध्ये विसरायची नाही. मशीन सुरू झालं की ती गोळीसारखी सुटते. हातमोजे घालायचे नाहीत, बाह्या दुमडायच्या, केस बांधायचे. लांब निघालेला कीस हाताने ओढायचा नाही, तो ब्लेडसारखा असतो आणि गरमही.

मग वेग ठरवायचा. इथे वर्गातलं सूत्र पहिल्यांदा हाताला लागतं. हाय-स्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कापताना पृष्ठभाग मिनिटाला साधारण तीस मीटर वेगाने टूलसमोरून जावा. बार पंचवीस मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे परीघ साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर. तीस हजाराला त्याने भागलं की मिनिटाला ३८२ फेरे येतात. लेथवर ३८२ नावाचा गिअर नसतो. तक्त्यातला त्याच्या खालचा जवळचा आकडा घ्यायचा. एका फेऱ्यात टूल ०.२ मिलिमीटर पुढे सरकत असेल तर शंभर मिलिमीटर लांबीला सव्वा मिनिटापेक्षा थोडं जास्त लागतं. परीक्षेत हे गणित सहा गुणांचं. लेथवर ते चुकलं की टूलचं टोक निळं पडून जळतं आणि इन्स्ट्रक्टर लांबूनच ओळखतात.

डायलचं प्रकरण याहून खट्याळ आहे. बऱ्याच जुन्या लेथवर क्रॉस स्लाइड जितकी आत जाते तितका आकडा डायल दाखवतो. पण टूल एका बाजूने अर्धा मिलिमीटर आत गेलं, की व्यास एक मिलिमीटरने कमी होतो, कारण बार फिरतोय. हे विसरलेला जॉब दर बॅचमध्ये एखादा तरी असतो: हवा होता चोवीसचा, झाला तेवीसचा. शिवाय स्क्रू आणि नट यांच्यात थोडी मोकळीक असते. हँडल उलटं फिरवायला लागलं की पहिला काही भाग नुसताच फिरतो, स्लाइड जागची हलत नाही. हाच बॅकलॅश. म्हणून माप ओलांडलं तर थेट तेवढंच मागे न येता बरंच मागे जायचं आणि पुन्हा पुढच्याच दिशेने मापावर यायचं.

आणि मग उष्णता, जिचा हिशेब सुरुवातीला कुणीच धरत नाही. कापून नुकताच झालेला पंचवीसचा शाफ्ट हाताला चटका देईल असा, सत्तर अंशांना असतो. पोलाद एका अंशाला एका मीटरमागे साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. वीस अंशांच्या तुलनेत या शाफ्टचा व्यास चौदा मायक्रॉनने फुगलेला असतो. जी६ शाफ्टला मिळालेली सगळी मुभा तेरा मायक्रॉनची. म्हणजे गरम असताना अगदी बरोबर मोजलेला शाफ्ट निवल्यावर बाद. वीस अंशच का? कारण लांबीची सगळी मापं वीस अंश सेल्सियसला धरायची असं १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. नागपूरच्या मे महिन्यात वर्कशॉप चव्वेचाळीस अंशांवर असतं तेव्हा काय करायचं? जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे असले आणि बराच वेळ शेजारी शेजारी पडून एकाच तापमानाला आले, तर दोघे सारखेच फुगतात आणि वाचन पुष्कळसं बरोबर येतं. जॉब ॲल्युमिनियमचा असेल तर हा आडोसा मिळत नाही, कारण तो जवळपास दुप्पट फुगतो.

याच जागी तोंडी परीक्षेतला एक आवडता प्रश्न येतो. भोक असलेली पोलादी चकती तापवली तर भोक लहान होतं की मोठं? निम्मी मुलं म्हणतात, लहान. धातू आतल्या बाजूलाही फुगणार ना. भोक मोठं होतं. सगळी चकतीच प्रमाणात मोठी होते, भोकासकट. बेअरिंग शाफ्टवर चढवणारे फिटर याच आधारावर काम करतात. पन्नास मिलिमीटर भोकाचं बेअरिंग खोलीच्या तापमानापेक्षा ऐंशी अंशांनी तापवलं की भोक जवळपास अठ्ठेचाळीस मायक्रॉनने उघडतं आणि बेअरिंग हातमोजे घातलेल्या हातांनी अलगद सरकतं. हे ठाऊक नसलेला माणूस हातोडी शोधतो, आणि बेअरिंगचं आयुष्य तिथेच निम्मं होतं.

फाउंड्रीतही माप असंच आधी चुकवावं लागतं. बिडाचा रस निवताना साधारण एक टक्का आक्रसतो, म्हणून तीनशेचा भाग हवा तर लाकडी पॅटर्न तीनशेतीनचा. पॅटर्नमेकर दरवेळी हा गुणाकार करत बसत नाही. त्याच्याकडे वेगळी पट्टीच असते, जिच्यावरचा तीनशे हा खरा तीनशेतीनच असतो. ज्या भागावर पुढे मशीनिंग व्हायचं त्याला आणखी काही मिलिमीटर जादा. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत हे व्यवहार रोजचे आहेत, आणि डिप्लोमाची मुलं तिथे ट्रेनिंगला गेली की पुस्तकातले ‘अलाउन्स’ त्यांना पहिल्यांदा हातात धरून बघायला मिळतात.

वर्गातल्या विषयांपैकी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सवर थोडं थांबतो. प्रयोगशाळेत माइल्ड स्टीलचा दांडा मशीनमध्ये पकडून ओढतात. काटा वर चढत राहतो आणि एका क्षणी अडखळतो: भार वाढत नाही, पण दांडा लांबतोय. हा यील्ड पॉइंट. मग पुन्हा चढतो, दांड्याला मधे कंबर येते आणि मोठा आवाज होऊन तो तुटतो. एका तुकड्याला वाटीसारखा खळगा, दुसऱ्याला त्यात बसणारं टोक. पिळाचा प्रयोग तर घरीही होतो. फळ्यावरचा नवा खडू दोन्ही हातांनी धरून हळूहळू उलट दिशांना पिळा, वाकवू नका. तो सरळ आडवा तुटत नाही. पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या, मळसूत्री पृष्ठावर तुटतो. माइल्ड स्टीलचा दांडा तसाच पिळला तर जवळजवळ सपाट, आडवा तुटतो. ठिसूळ पदार्थ ताणाला आधी हार जातो आणि पिळाच्या वेळी सगळ्यात जास्त ताण त्या तिरक्या दिशेत असतो. स्टील मात्र आधी सरकण्याला हार जातं. तुटलेला शाफ्ट बघून तो कशामुळे गेला हे सांगणारे जुने मेंटेनन्सवाले हेच वाचत असतात.

तिथलं गणितही शेवटी मुभेशीच येऊन थांबतं. वीस मिलिमीटरच्या माइल्ड स्टील दांड्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर. प्रत्येक चौरस मिलिमीटर २५० न्यूटनच्या आसपास यील्ड होतो असं धरलं तर दांडा आठ टन पेलतो. डिझाइनमध्ये सेफ्टी फॅक्टर चार घेतला की आपण त्याच्यावर दोनच टन टाकतो. उरलेले सहा टन धातूतल्या दोषांसाठी, वेल्डिंगमधल्या पोकळीसाठी, आणि ओव्हरलोड करणाऱ्या माणसाच्या स्वभावासाठी. थर्मलमध्ये स्टीम टेबल्स, हायड्रॉलिक्समध्ये नळातलं घर्षण, थिअरी ऑफ मशीन्समध्ये शेपरचा तो लिंकवाला घोडा, जो कापताना सावकाश जातो आणि रिकामा परतताना घाईने. हे सगळं आहे, आणि महत्त्वाचंही आहे. इथे त्याचा नुसता उल्लेख करून पुढे जातो.

पुढे जातो ते एका तक्रारीकडे. मापनाचं शिक्षण देणाऱ्या या अभ्यासक्रमात सगळ्यात जास्त खोटी असतात ती मापंच. प्रत्येक प्रयोगाचं मॅन्युअल भरायचं, रीडिंग लिहायची, आलेख काढायचा, सही घ्यायची. सबमिशनचा आठवडा आला की सीनियरची फाइल फिरू लागते, आणि एका वर्षाची रीडिंग पुढची पाच वर्षं जगतात. ती ओळखायला सोपी असतात: सगळे ठिपके एका रेषेवर, जसे खऱ्या प्रयोगात कधीच येत नाहीत. मला यात मुलांपेक्षा पद्धतीचा दोष जास्त वाटतो. एका मशीनभोवती वीस मुलं उभी असतील तर रीडिंग घेतो एक आणि उतरवतात एकोणीस. आणि विस्कटलेल्या रीडिंगवर कारणं लिहून आणणाऱ्याला जास्त गुण मिळतात, असं फार ठिकाणी घडत नाही. एक तरी प्रयोग असा ठेवावा, जिथे सुबक आलेखाला गुण कमी आणि रीडिंग कुठे, का हललं याला गुण जास्त.

या शिक्षणाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. १८५४ मध्ये पुण्यात इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल सुरू झालं ते सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवीत म्हणून. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आलं. आज माटुंग्याला असलेलं व्हीजेटीआय आधी भायखळ्याला होतं. तिथली ‘एल.एम.ई.’ ही पदविका नावापुढे लावण्यात एकेकाळी मोठा मान होता. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपवलं, आणि तिथे देशी भाषांतून तंत्र शिकवण्यावर भर होता. भाषेचा आजचा वाद तेव्हा एका संस्थानात निकालातही काढला होता म्हणायचा.

व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवणाऱ्यांपैकी एक होते लक्ष्मणराव किर्लोस्कर. ते मुंबईला आले चित्रकार व्हायला. जे.जे. स्कूलमध्ये असताना रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि ते रेषेच्या कामाकडे, मशीन ड्रॉइंगकडे वळले. बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला आले, सायकलींचं दुकान काढलं, पुढे नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी. मशीन ड्रॉइंगला रंग लागत नाहीत हे खरं. पण त्यात पुढून, वरून आणि बाजूने अशी तीन दृश्यं डोक्यात एकत्र करून वस्तू उभी करावी लागते, आणि हे काहींना जन्मभर जमत नाही. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते: वरून दिसणारं दृश्य पुढच्या दृश्याच्या खाली काढायचं. अमेरिकन ड्रॉइंग आलं की ते उलटं, वर. शीटच्या कोपऱ्यातलं छोटं चिन्ह न बघता काम सुरू करणाऱ्याने डाव्या हाताचा ब्रॅकेट उजव्या हाताचा करून ठेवलेला असतो.

डिप्लोमा झाल्यावर दोन वाटा. बरीच मुलं गुण चांगले पडले तर थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जातात, आणि बरीच घरं पहिल्यापासून तेच धरून असतात: बारावी टाळून इंजिनियर व्हायचा मागचा दरवाजा. यात वावगं काही नाही. उलट, लेथ चालवून डिग्रीला गेलेला मुलगा तिथल्या प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या पुढे असतो; गणितात मात्र पहिलं सत्र जड जातं. दुसरी वाट अप्रेंटिसशिपची. १९६१ च्या अप्रेंटिसेस कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन डिग्री-डिप्लोमावाल्यांनाही तो लागू झाला. एक वर्ष कंपनीत, स्टायपेंडवर. चाकण असो, भोसरी असो की सातपूर, शॉप फ्लोअरवरचा पहिल्या फळीतला माणूस अजूनही बहुतेक डिप्लोमावालाच असतो.

तिथे तो काय करतो? सीएनसी मशीन रात्रभर बुश कापतंय, भोक एच७. टूल झिजतं तसं भोक हळूहळू लहान होत जातं. दर काही भागांनंतर एक उचलून मोजायचं आणि माप खालच्या मर्यादेकडे सरकायला लागलं की ऑफसेटमध्ये पाच-सात मायक्रॉन घालायचे. मोजायला प्लग गेज: एका टोकाला ‘गो’, ते भोकात स्वतःच्या वजनाने उतरलं पाहिजे, दुसऱ्या टोकाला ‘नो गो’, ते अजिबात जाता कामा नये. गेजवर आकडा वाचायचा नसतो. शिफ्टच्या घाईत तेच सोयीचं, आणि तोच त्याचा तोटा, कारण भोक मर्यादेच्या किती जवळ पोचलंय ते गेज सांगत नाही. शहाणा सुपरवायझर गेजबरोबर बोअर गेजनेही मोजतो आणि माप कागदावर टिपून ठेवतो.

आणि कधीतरी पहाटे तीनला शंभर बुशांचा ट्रे असा निघतो की भोक २५.०२४. तीन मायक्रॉन जास्त. सकाळी सहाला गाडी लागणार, प्रॉडक्शनचा फोन, ‘अहो, तीन मायक्रॉनने काय होतंय? जाऊ द्या.’ कदाचित खरंच काही होणार नाही. पण मर्यादा वाढवायचा अधिकार शिफ्टला नसतो. ड्रॉइंगवर सही करणाऱ्या डिझाइन विभागाकडे डेव्हिएशनचा कागद जातो: किती नग, माप किती, कारण काय. हे बुश कुठे बसणार, त्यातला शाफ्ट किती वेगाने फिरणार, फट वाढली तर तेल टिकेल का, हे ते बघतात आणि ‘या शंभर नगांपुरतं मान्य’ किंवा ‘नामंजूर’ असं लिहून देतात. तोवर ट्रेवर लाल पट्टी लावून तो बाजूला ठेवायचा आणि मशीनवर नवीन इन्सर्ट चढवून पहिला पीस पुन्हा मोजायचा.